अंगठीचं माप पाठवत नाही

बावडा, ता. इंदापूर
मंगळवार, २६ मे २०२६

सौ. राजलक्ष्मी विहीणबाईंना,

बावड्याहून कौसल्याचा नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत. तिकडची खुशाली मी विचारत नाही, कारण ती मला रोज सकाळी स्पीकरवर ऐकू येते. आप्पासाहेब व्याह्यांनी आंब्याची अढी लावली, तुमच्या शेजारच्यांच्या मांजरीला पिल्लं झाली, बारामतीच्या जळोचीतल्या नव्या रस्त्यावर पुन्हा खड्डा पडला, हे सगळं बावड्यात सर्वांत आधी मला कळतं. तुमची लेक फोन हळू आवाजात करत नाही, आणि तुम्हीही काही कमी नाही.

मग पत्र कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. सांगते. गेल्या शनिवारी मी तुम्हाला फोन केला, तेव्हा श्रेया शेजारीच शेंगा फोडत बसली होती. मला जे बोलायचं होतं ते तिच्यासमोर बोलता येईना. म्हणून मी आपली गोल गोल फिरत राहिले. 'धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो हो', 'लग्नानंतरचा पहिलाच धोंडा आहे', 'काय द्यायचं-घ्यायचं ते मोकळेपणानं ठरवू', असं काहीबाही बोलले आणि फोन ठेवला. काल तुमचा मेसेज आला, 'जावईबापूंच्या अंगठीचं माप पाठवा.' मी कपाळावर हात मारून घेतला.

विहीणबाई, अंगठीचं माप मी पाठवत नाही. चांदीचं ताटही नको. ऋषिराजला साखरपुड्यात तुम्ही घातलेली अंगठी टोचते म्हणून तो ती गाडीच्या डिकीत ठेवतो. अजून एक दिली तर तिला जोडीदारीण मिळेल, एवढंच. तुमचा गैरसमज झाला यात तुमचा काही दोष नाही. मुलाची आई धोंड्याच्या महिन्यात आडून आडून बोलायला लागली की तिला सोनंच हवं असणार, हे मीसुद्धा धरून चालले असते. मला मागायचं आहेच, पण वेगळं. ते फोनवर जमलं नाही, म्हणून हा कागद.

आत्ता दुपार आहे आणि ओसरीवर श्रेयाचा वर्ग भरलाय. बचत गटाच्या बायकांना ती इंग्रजी बोलायला शिकवते, हे तिनं तुम्हाला सांगितलं असेलच. मीही त्या वर्गात बसते, हे सांगितलंय की नाही ठाऊक नाही. दहावी झाल्यावर मी इंग्रजीचं तोंड पाहिलं नव्हतं. आज गुडघ्याचं निमित्त करून दांडी मारली आणि माजघरात लिहायला बसले. बाहेरून तिचा आवाज येतोय. सून शिकवतेय आणि सासू दांडी मारतेय, ही वेळ तुमच्या लेकीनं माझ्यावर आणली.

पंधरवड्यापूर्वी तिनं एक धडा घेतला. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. इंग्रजीत म्हणे कुठं आणि केव्हा हे सांगणारे शब्द एरवी वाक्याच्या शेवटी जाऊन बसतात. 'आय ड्रिंक टी इन द मॉर्निंग.' सकाळी हा शब्द गप शेपटाला. पण दोन वेळा किंवा दोन जागा समोरासमोर उभ्या करायच्या असल्या, की त्यांना उचलून पुढं आणायचं. 'इन द मॉर्निंग, आय ड्रिंक टी. ॲट नाइट, आय ड्रिंक मिल्क.' एक शब्द असा पुढं आणून ठेवला की ऐकणारा दुसऱ्याची वाट बघतो. 'इकडे असं आहे' म्हटलं की त्याला वाटतं, आता तिकडचं काहीतरी येणार.

मी म्हणाले, "अगं, हे आमाला शिकवायला इंग्रजी कशाला पायजे? सासरी-माहेरी म्हणत जल्म गेला आमचा." सगळ्या हसल्या. पण खरंच की नाही सांगा. आपण दोघी लग्नाच्या बैठकीत दुसरं काय करत होतो? तुम्ही म्हणालात, 'आमच्याकडे बारामतीत जेवण टेबलावर असतं.' पुढं एक अक्षर बोलला नाहीत, तरी बावड्यात पंगत मातीत बसते हे मी बरोबर ऐकलं. मग मीही सोडलं नाही. 'आमच्याकडे पाहुण्यांना आग्रह करतात', असं म्हणून घेतलं.

तर बायकांना वाक्यं करायला सांगितली. आमची फुलाबाई, शेळ्या राखते ती, पहिली उठली. 'इन समर, टँकर. इन रेनी, वॉटर इन माय हाऊस.' क्रियापद कुठंच नव्हतं, पण नदीकाठच्या बायकांना सगळं समजलं. श्रेयानं टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी म्हणालं, 'मॅडम, तुमी एक करा की.' तिनं हसत सुरुवात केली, "इन जळोची, आय टॉट इन अ स्कूल. इन बावडा..." आणि थांबली.

बायका काय गप्प बसतात? 'इन बावडा, यू कुक', 'इन बावडा, यू स्लीप', 'फाइट विथ मदर-इन-लॉ', जिला जे इंग्रजी येत होतं ते तिनं मॅडमवर फेकलं. तीही पोट धरून हसली. पण तिनं ते वाक्य पुरं केलं नाही. फुलाबाईनं लगेच दुसरं काहीतरी विचारलं आणि वर्ग पुढं सरकला. माझं मात्र तिथंच अडकलं. लग्नाआधी ती ज्या शाळेत शिकवायची, तिथली मुलं अजून तिला सणावाराला फोन करतात. फोन ठेवल्यावर ती थोडा वेळ उगीच भांडी आवरत बसते, आवरलेलीच.

मग माझी पाळी आली. मला चेष्टा करायची होती. मी उभी राहून म्हणाले, "बिफोर श्रेया, अवर हाऊस वॉज क्वाएट. आफ्टर श्रेया, ओन्ली नॉइज." म्हणजे ही यायच्या आधी घर शांत होतं, आल्यापासून नुसता आवाज. बायकांनी ओसरी डोक्यावर घेतली. मी खूश. बघते तर तुमच्या लेकीचे डोळे भरलेले. मला म्हणाली, "व्हेरी गुड, आई," आणि फळा पुसायला वळली. मला वाटलं, खडू गेला डोळ्यात.

त्यानंतर चारच दिवसांनी तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका योगिनी मॅडमचा फोन आला. ही मागच्या अंगणात बोलत होती, मी मोरीत पाय धूत होते. मॅडम म्हणत असाव्यात की जूनपासून परत ये, जागा आहे. आणि ही म्हणाली, "नाही मॅडम. माझ्या सासूबाईंना जमणार नाही."

विहीणबाई, माझ्या हातातला तांब्या पडायचा राहिला. मला विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि माझं मत बारामतीपर्यंत पोचतं केलं! त्या शाळेत आज मास्तरणी चहा पिताना म्हणत असतील, 'बिचारी श्रेया, सासू फार कडक मिळाली.' उभ्या आयुष्यात मी बारामतीत पाच-पन्नास वेळा आले असेन, ती भांडी घ्यायला नाहीतर दवाखान्यात. आणि तिथं नाव झालं ते हे असं.

दोन दिवस मी तिच्याशी तुटक बोलले. ती बिचारी विचारत राहिली, 'आई, गुडघा दुखतोय का?' गुडघ्यालाच दोष दिला मी. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना डोक्यात उजेड पडला. खडू गेला नव्हता डोळ्यात. मी सगळ्यांसमोर उठून सांगितलं होतं ना, तू यायच्या आधी हे घर गप्प होतं. त्यावर ती शाळेला दुसरं काय सांगणार? मी चेष्टा केली आणि तिनं ती खरी मानून नोकरीवर पाणी सोडलं. बरं, ती खोटी होती असंही मला म्हणता येत नाही.

तर माझं मागणं असं. येत्या रविवारी दोघं धोंड्याला तुमच्याकडे येतील. तुम्ही धोंडे करा, आमरस करा, जावयाला ओवाळा, अनारसे द्या. आणि वाण म्हणून मला एवढंच द्या, की लेकीला ठेवून घ्या. ती शाळेत जाऊ दे. ऋषिराजला एकट्याला परत पाठवा. तोवर योगिनी मॅडमना मीच फोन करून सांगते की सासूबाईंना जमतंय. श्रेयाला यातलं काही कळू देऊ नका. तिला कळलं तर ती अंगठ्याएवढी सबब काढून परत येईल.

बाहेर वर्ग सुटला वाटतं. फुलाबाई 'सी यू टुमारो' म्हणतेय. उरलेलं नंतर लिहिते.

गुरुवार, २८ मे

पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं, कारण वर लिहिलेल्यातलं अर्धं आता लागू नाही. खोडत नाही, वाचा तसंच.

परवा संध्याकाळी मी हे पत्र आमच्या मालकांना वाचून दाखवलं. तुमच्या विजयसिंहराव व्याह्यांना तुम्ही ओळखताच. उसाला पाणी कधी सोडायचं इथपासून ताट वाढू का इथपर्यंत त्यांचं एकच उत्तर असतं, 'बघू.' मला वाटलं याही वेळी बघू म्हणतील आणि मी पाकीट चिकटवीन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तिला इचारलंस का?"

"कुणाला?"

"सुनंला. तिनं तुला न इचारता न्हाय म्हणून सांगितलं, तर तू दोन दिवस तोंड फुगवून बसलीस. आन् आता तू तिला न इचारता व्हय म्हणून सांगाया निघालीस. मग तुमच्या दोघीत फरक तो काय राह्यला?"

एवढं लांब ते माझ्याशी मुलाच्या बारशाला बोलले असतील. मला राग आला, कारण बरोबर होतं. मी 'तुमाला काय कळतंय बायकांतलं' म्हणाले आणि तडक स्वयंपाकघरात गेले. श्रेया कोथिंबीर निवडत होती. मी उभ्या उभ्याच विचारलं, "मला जमणार न्हाय, असं त्या शाळेत कुणी सांगितलं?"

तिचा हात थांबला. "आई, तुम्ही ऐकलंत?"

"कान हायत मला. जमणार न्हाय हे मी कधी म्हणाले?"

"तुम्ही कुठं म्हणालात? मीच म्हणाले. वर्गात तुम्ही ते वाक्य केलंत ना, घर गप्प होतं असं..."

"ती तक्रार होती माझी. आवाज वाढला म्हणून."

"तक्रार नव्हती, आई," ती म्हणाली. आणि खाली बघून पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली.

मी पाट ओढून तिच्यासमोर बसले. म्हणाले, "माझं ऱ्हाऊ दे बाजूला. मामंजींचं ऱ्हाऊ दे, ऋषीचं ऱ्हाऊ दे. तुला जायचं हाय का न्हाय, तेवढं सांग."

निवडलेली पानं आणि देठं एकाच ताटात जात होती. मग म्हणाली, "हाय."

बघा विहीणबाई, इंग्रजीची मास्तरीण, बारामतीत वाढलेली, आणि 'हाय' म्हणाली. सहा महिन्यांत तुमच्या लेकीला आमचं पाणी लागलं. मला हसू आलं, तीही हसली, आणि मग हसता हसता रडली. मी तिला रडू दिलं आणि ती देठं वेगळी करत बसले.

मी तिथल्या तिथं योगिनी मॅडमना फोन लावायला लावला. त्या म्हणाल्या, 'काय गं, सासूबाईंना जमलं वाटतं?' मी मागूनच ओरडले, "जमलं! आन् कधीच जमत होतं!" मॅडम खूप हसल्या. जागा अजून आहे. माझं बारामतीतलं नाव थोडंफार सुधारलं असेल, अशी आशा आहे.

तेव्हा आता ठरलंय ते असं. रविवारी दोघं धोंड्याला येतील आणि दोघंही परत येतील. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ती बॅग घेऊन तुमच्याकडे येईल. सोमवार ते शुक्रवार जळोची, शनिवार-रविवार बावडा. रोज बावड्याहून बारामतीला एसटीनं ये-जा करायची तर तिचा अर्धा जीव प्रवासातच जाईल, ते मला नको. ऋषिराजचं काम ठिबक सिंचनाच्या दुकानांचं, बारामतीला त्याच्या फेऱ्या होतातच. तो तिचा नवरा आहे, त्याची सोय तो बघेल. मला वाटतं, त्यानं ती बघितलीसुद्धा आहे, कारण कालपासून शीळ घालतोय. ओसरीवरचा वर्ग आता रविवारी भरेल. फुलाबाईनं 'ऑन संडे, आय एम फ्री. अदर डे, गोट' असं सांगून मान्यता दिली आहे.

तुम्ही म्हणाल, लेक दिली ती दिली, ती आठवडाभर माहेरी राहिली तर माणसं काय म्हणतील? जळोचीत कुणी विचारलं तर ताठ मानेनं सांगा, सासूनं पाठवलीय. बावड्यात कुणी विचारलं तर मी बघून घेईन, इथं माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. फक्त एक बजावून ठेवते. शनिवार-रविवार आमचे. तुमच्याकडे हळदीकुंकू असो, कुणाची मंगळागौर असो, शनिवारची गाडी चुकता कामा नये. आणि लाडानं तिला दिवस चढेपर्यंत झोपू देऊ नका. इथं तिची सवय मी महत्प्रयासानं मोडली आहे.

हे झालं सगळं कामाचं. आता एक गोष्ट राहिली. ती कोथिंबिरीच्या ताटासमोर मी तिला सांगितली नाही, आणि मालकांनाही सांगितली नाही.

'हाय' म्हटल्यावर तिनं मला विचारलं होतं, "पण आई, तुम्हाला करमेल का?" मी म्हणाले, "मला न करमायला काय झालं? गटाच्या बायका हायत, टीव्ही हाय, वैरणपाणी हाय. उलट जरा गप पडीन मी." तिला पटलं. माझा आवाज अगदी ठणठणीत होता.

विहीणबाई, ते खोटं होतं. मला करमणार नाही. अजून ती गेली नाही, आणि मी आत्ताच शाळा उघडेल त्या सोमवारचा विचार करून घरात फिरतेय. ती जायला हवी, हे मला पक्कं ठाऊक आहे आणि त्यात मी तसूभर मागं हटणार नाही. पण ती गेलेली मला नको आहे. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. तिला हे कधीही सांगू नका. तुम्हाला सांगते, कारण तुमच्याशिवाय हे कुणाला कळेल असं मला वाटत नाही.

मला एकच मुलगा. आमच्या घरातून आजवर कुणाची पाठवणी झाली नाही, आम्ही नुसतं घेऊन आलो. तुमच्या मांडवात निघायच्या वेळी तुम्ही रडला नाहीत. श्रेयाच्या हातात डबा दिला, पाण्याची बाटली दिली आणि गाडीचं दार स्वतः लावलंत. गाडीत आमच्या बायका म्हणाल्या, 'काळजाची घट्ट हाय बाई.' मीही मान डोलावली. आता वाटतं, आम्ही गेल्यावर काय झालं ते आम्ही कुठं बघितलं?

म्हणून धोंड्याचं वाण म्हणून एवढं एकच द्या, आणि तेही ऋषिराजच्या हाती चार ओळींत लिहून. पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवताना तुमच्या हातानं सवयीनं एक कप पाणी जास्त घातलं होतं का? आणि घातलं असेल, तर त्या कपाचं तुम्ही काय केलंत?

लेक पाठवायची माझी ही पहिलीच वेळ आहे.

तुमची,
कौसल्या